बाईंची चाल

"पाय बदलला! मगाशी डावा होता, आता उजवा झाला!"

थिएटरच्या अंधारात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. पडद्यावर नायकाचा लंगडा भाऊ आईच्या पायाशी पडून रडत होता. सगळं थिएटर नाक ओढत होतं. आणि आमच्या शाळेच्या मराठीच्या बाई जागेवरून ओरडत होत्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ मावशी, गप बसा की."

बाई सावकाश मागं वळल्या. "मी बसते गप. पण तुम्ही बघा तरी! तिकीट काढलंय न्हवं?"

मग मागच्या रांगा खरंच त्या भावाच्या पायांकडं बघायला लागल्या. पुढच्या प्रसंगात त्यानं पुन्हा डावा पाय ओढायला सुरुवात केली आणि ऐन रडायच्या जागी अर्धं थिएटर हसलं. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला, उजेडात बाईंचा चेहरा बघितला आणि परत गेला. त्याला सवय होती.

मी तेव्हा नुकतीच मलकापूरहून कोल्हापुरात आले होते, मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. बाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, शाळेत जुन्या. शाहूपुरीत त्यांच्या घरच्यांचा गुळाचा व्यापार होता. कपाळावर भस्माची बारीक रेघ, वर्गात छापील मराठी, वर्गाबाहेर कोल्हापुरी, आणि संताप अनावर झाला की आईकडून आलेलं कानडी. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. त्याला त्या 'आमचे हे' म्हणायच्या. स्टाफरूममध्ये कुणी नवीन बाई लग्नाचं विचारायला लागली की पदर सारखा करत सांगायच्या, "झालंय की लग्न. हे काय, मांडीला चिकटलेत. कुरकुर करतात, तेल घालावं लागतं, पण झोपताना काढून कोपऱ्यात उभं करता येतं. तुमच्याला येतं का?"

बसमध्ये कुणी उठून जागा दिली की त्या बसायच्या नाहीत. "बसा पावणं, बसा तुम्ही. तुमचे पाय मांसाचे हायत, दमतील. माझं लोखंड हाय." त्या हट्टापायी मीही त्यांच्याबरोबर कितीतरी वेळा उभी राहिलेली आहे.

पण सांगायचं आहे ते त्यांच्या चालीचं. डावा खांदा किंचित खाली जायचा, उजवा हात बाजूला उघडा, कुणाला तरी वाट दाखवावी तसा, आणि हनुवटी वर. ती हनुवटी बघून नवीन मुलींना वाटायचं बाई फार गर्विष्ठ आहेत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "खाली बघून चाललं की लोक हातावर नाणं ठेवतात गं. वर बघून चाललं की वाट सोडतात." महिनाभरात मला ती चाल दिसेनाशी झाली. एखाद्याचा आवाज घोगरा असतो, एखादा डावखुरा असतो, तशा बाई चालायच्या.

सिनेमाचं त्यांना वेड होतं. त्यातही लंगडा, आंधळा, मुका असं कुणी सिनेमात आहे असं कळलं की पहिल्या आठवड्यात जायचंच. पाय लांब करता यावा म्हणून कडेची खुर्ची. घरी परतताना रिक्षात त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं.

"आमच्यासारख्यांना पडद्यावर तीनच शेवट. एक तर बरं व्हायचं. न्हायतर मरायचं. न्हायतर शेवटी कळणार की लंगडा खोटाच हुता, कुबडीत बंदूक हुती. चौथा शेवट म्हणून कुणी लिहिलेला न्हाय. की बाई शाळा सुटल्यावर घरी गेली, चहा केला, उद्याचे धडे काढले. बास. एवढं लिहायला काय मरण येतं का ह्यांना?"

तरुणपणी बाईंनी रेडिओवर नाटकं केली होती. ते सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. "रेडिओवर मी पळालेय. घोड्यावर बसलेय. एकदा तर गडावरून उडी मारलेय, आणि खाली नीट उभी राहिलेय!" आवाज होताच तसा. धडा वाचायला लागल्या की शेजारच्या वर्गातल्या माझ्या मुली खिडकीकडं कान करायच्या. त्या आवाजाला चेहरा आणि अंग मिळावं, एकदा तरी पडद्यावर, ही त्यांची इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. पण आरशासमोर स्वतःशी पल्लेदार वाक्यं म्हणताना मी त्यांना पाहिलेलं आहे.

शाळेच्या गॅदरिंगचं नाटक त्यांच्याकडं असायचं. एका वर्षी त्यांनी राणीच्या भूमिकेसाठी सुरेखाला उभी केली. सुरेखा शिरोळची, कोल्हापुरात आत्याकडं राहून शिकणारी. तिलाही पोलिओ. ती शाळेत आली तेव्हा आतेभावाच्या पाठीवर बसून आली होती. बाईंनी तिच्या वडलांच्या मागं लागून कॅलिपर करून घेतला आणि रोज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तिला चालवलं. पडली तर उचलायच्या नाहीत. "ऊठ," एवढंच म्हणायच्या, आणि ती उठेपर्यंत तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

ती सुरेखा राणी झाली. नऊवारी, मुकुट, आणि खाली खट् खट् वाजणारा बूट. नाटकात त्या पायाबद्दल अवाक्षर नव्हतं. राणी दरबारात येते, न्याय करते, फितुराला हाकलते. नाटक संपल्यावर प्रमुख पाहुणे बाईंना म्हणाले, "छान झालं. पण राणीचा पाय असा का, ते काही कळलं नाही."

"राणीला पोलिओ होत न्हाय असं कुणी सांगितलं तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

सुरेखानं ते ऐकलं. मुकुट सावरत ती अशी हसली की ते हसू मला अजून दिसतं.

नव्वदीच्या अखेरीस शाळेत एक माणूस आला. मुंबईची कंपनी कोल्हापुरात सिनेमा करत होती, त्यांचा तो व्यवस्थापक. नायिका पोलिओ झालेली शिक्षिका आहे आणि दिग्दर्शकांना बाईंना भेटायचं आहे, एवढाच निरोप. मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला नाही. संध्याकाळी मला घरी बोलावून घेतलं. पलंगावर साड्या पसरल्या होत्या.

"नायिका काय देणार न्हाईत गं मला ह्या वयात," त्या म्हणाल्या. "पण नायिकेची मोठी बहीण असंल. न्हायतर उतारवयातली तीच असंल. असतंय की तसं, पहिलं म्हातारपण दाखवतात, मग मागं नेतात."

त्यांनी एक स्वगत पाठ केलं. स्वतःच लिहिलेलं होतं. मी ते त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, इतकं ते चांगलं होतं.

स्टुडिओत गेलो. मोठी खोली, पंखा, दिग्दर्शक खुर्चीत, बाजूला एक तरुण नटी, केस ओले, चेहऱ्याला काही न लावलेली. दिग्दर्शक अदबीनं उठले. म्हणाले, "बाई, जरा त्या भिंतीपर्यंत चालून दाखवता?"

बाई चालल्या. वळल्या, परत आल्या, उभ्या राहिल्या आणि स्वगताचं पहिलं वाक्य त्यांनी उचललं.

"नाही नाही, बोलायचं काही नाही," दिग्दर्शक म्हणाले. "नुसतं चाला." आणि नटीकडं वळून, "खांदा बघ. हात बघ कसा उघडा राहतो. हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही."

मला ते कळायला एक क्षण लागला. बाईंना त्याच्या आधी कळलं असणार. उरलेलं वाक्य त्यांनी गिळलं. मग त्या म्हणाल्या, "परत बघायचंय?" आणि हनुवटी वर करून पुन्हा भिंतीपर्यंत गेल्या.

रिक्षात मी चिडून म्हणाले, "हाकलून का नाही दिलंत बाई? तुमची चाल तिला कशाला द्यायची?"

"आपण न्हाय म्हटलं तर सिनेमा थांबणार हाय का? ती करणारच. मग निदान पाय तरी बदलायला नको." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि शेवट तरी माझ्या हातात येतोय का बघते."

नटी त्यांच्या घरी यायला लागली. मुलगी वाईट नव्हती. कॅलिपर हातात घेऊन त्याचं वजन बघायची, जिना कसा चढता, आंघोळ कशी करता, सगळं विचारायची. बाई तिला व्हरांड्यात चालवायच्या, सुरेखाला चालवलं तसंच. "हनुवटी वर. बिचारीवानी चालू नको." मोबदला म्हणून त्यांनी एकच गोष्ट मागितली. दिग्दर्शक आले तेव्हा माझ्यादेखत म्हणाल्या, "शेवटी तिला बरी करायची न्हाय. आहे तशी घरी जाऊ दे तिला."

"शब्द बाई," दिग्दर्शक म्हणाले. नटीनंही मान हलवली.

सिनेमा लागला त्या दिवशी आम्ही कडेच्या खुर्च्या घेतल्या. सुरेखालाही बाईंनी बरोबर घेतलं होतं. ती आता वरच्या वर्गात होती, तिघींत तीच जास्त आनंदात. नटी पडद्यावर आली आणि माझ्या अंगावर काटा आला. खांदा, उघडा हात, वर केलेली हनुवटी. बाईच चालत होत्या, वीस वर्षांनी लहान आणि गोऱ्या होऊन. पाय एकदाही बदलला नाही. सुरेखा सारखी म्हणत होती, "बाई, तुम्ही! बाई, तुम्हीच की!"

शेवटाकडं डोंगरावरच्या देवीची यात्रा आली. गर्दीत एक मूल कड्याकडं रांगत जातं. मंगल, म्हणजे नायिका, देवीला हाक मारते, ढोल वाजतात, कॅलिपरचे पट्टे तुटून पडतात आणि मंगल धावत सुटते. सगळं थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या पडल्या, बायकांनी हात जोडले. मागं कुणीतरी म्हणालं, "पावली गं बया, पावली!"

मी बाईंच्या ओरडण्याची वाट बघत होते. इतकी वर्षं ज्याची लाज वाटली ते ओरडणं मला तेव्हा हवं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. पलीकडं सुरेखा ताठ बसून पडद्याकडं बघत होती.

नटीचं फार कौतुक झालं. पेपरात मुलाखत आली. सगळं खरं आहे, कोल्हापूरच्या एका खऱ्या शिक्षिकेकडून मी हे शिकले, तिचं दुःख जगले, असं तीत होतं. बाईंनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "माझं दुःख कवा भेटलं गं हिला? आम्ही दोघी तर भजी खात बसत हुतो."

मग ते सुरू झालं. आधी मंडईत. एक भाजीवाली कौतुकानं म्हणाली, "बाई, अगदी त्या मंगलवानी चालता की हो तुम्ही! हुबेहूब!" मग रिक्षावाले. मग शाळेतल्या लहान मुली, ज्यांना बाईंनी अजून शिकवलंही नव्हतं, "मंगलबाई आल्या" म्हणायला लागल्या. एका पालकांनी अंगारा आणून दिला आणि सांगितलं, "एकदा देवीला जाऊन या. श्रद्धा पायजे बघा. तिचा पाय झाला न्हवं बरा?" बाई आधी भांडल्या. मग उत्तरं द्यायच्या थांबल्या. मग मंडईत जायच्या थांबल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरेखा शाळेत आली नाही. आत्याकडून कळलं ते असं. वडलांनी शिरोळला सिनेमा बघितला होता. सुट्टीत गावच्या देवीपुढं त्यांनी तिचा कॅलिपर काढून वाहिला आणि पायऱ्यांच्या वरच्या टोकाला तिला उभी केली. ढोल लावले होते. ती पडली. खुबा मोडला.

बाई आणि मी एसटीनं शिरोळला गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. बाई सगळी वाट खिडकीची दांडी धरून होत्या. घर चांगलं बांधलेलं होतं. वडील शेतातून आले, पाय धुतले, बाईंना वाकून नमस्कार केला. सुरेखा आतल्या खोलीत पलंगावर होती. आम्हाला बघून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"तिला परत पाठवा," बाई म्हणाल्या. "हाड जुळलं की नवीन कॅलिपर करू. मी बघते सगळं."

"डाक्टर म्हणाला आता बसायचा न्हाय त्यो. पाय वाकडा जुळतोय." वडलांचा आवाज अगदी शांत होता. "बाई, माझ्या पोरीचं वाईट व्हावं असं मला वाटलं असंल का? तुम्हीच सांगा."

"मग असं का केलंत? सिनेमा बघून? सिनेमा खोटा असतो हे कळत न्हाय का तुम्हाला?"

"कळतंय की. हिरो धा जणांला मारतो, ते आमी खरं मानत न्हाय. पर हितं चाल खरी हुती बाई. मी तुम्हाला शाळेत बघितलंय. पोरगीबी म्हणाली, आमच्या बाईच हायत ह्या. पेपरात बी तसंच आलं. एवढं सगळं खरं, आन् शेवट तेवढा खोटा? आमी कसं वळखायचं?"

वर्गात, थिएटरात, बसमध्ये, कुठंही कधी बाई अडल्या नव्हत्या. आता त्या उठून आत गेल्या आणि सुरेखाच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. 'ऊठ' म्हणाल्या नाहीत. पोरीनं तोंड वळवलं नाही. आतून चहा आला, तो मी एकटीनं घेतला. निघताना बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, तेव्हा ती भिंतीकडंच बघत म्हणाली, "बाई, मी मनापासून हाक मारली हुती."

परतीच्या एसटीत बाई म्हणाल्या, "मी पाय बदलू द्यायला पायजे हुता गं. वाईट करू द्यायला पायजे हुतं त्या नटीला. लोक हसले असते."

त्यानंतर गॅदरिंगचं नाटक त्यांनी दुसऱ्यांना दिलं. सिनेमा सोडला. वेळेआधीच शाळाही सोडली. सुरेखाला त्या पत्रं लिहायच्या, उत्तर यायचं नाही. पुढं तिची आत्या भेटली, म्हणाली, बसून सरकते घरातल्या घरात. मी बाईंकडं जायची. त्या दारातून आतल्या खोलीपर्यंत सुद्धा मी बघत नसले तरच चालायच्या, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. दूरदर्शनवर तो सिनेमा लागला की शेजारची मुलं आवाज मोठा करायची, आणि त्या कॅलिपर काढून गादीवर भिंतीला पाठ लावून बसायच्या.

दोन हजारनंतर पाच-सहा वर्षांनी पुण्याची काही मुलं त्यांचा पत्ता शोधत आली. छोटा सिनेमा करत होती. मुलं खरी तळमळीची. म्हणाली, अपंग बाईची भूमिका आहे आणि ती अपंग बाईनंच करायची असं आमचं ठरलं आहे, सोंग आम्हाला नको. बाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. मुलं लिखाण ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून ते वाचायला दिलं. त्यात देवी नव्हती, अपघात नव्हता, कुणी बरं होत नव्हतं, कुणी मरत नव्हतं. एक म्हातारी सकाळी तलावावर येते, बाकावर बसते, एका अनोळखी माणसाशी भांडते आणि निघून जाते.

"कोण लिहितंय गं असलं?" बाई म्हणाल्या. कित्येक वर्षांनी त्यांनी माझ्यासमोर साडी निवडली.

रंकाळ्याच्या काठावर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. मुलांनी कॅमेरा मांडला. बाई कडेच्या झाडापासून बाकापर्यंत चालत आल्या. खांदा, हात, हनुवटी, सगळं होतं तसंच होतं. बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या. तो आवाज ऐकून कॅमेऱ्यामागच्या मुलीनं डोकं वर काढलं.

दिग्दर्शक मुलगा जवळ आला. गुडघ्यावर बसून नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बोललात ते अप्रतिम. फक्त चाल थोडी कमी करता येईल का? ती जरा त्या जुन्या सिनेमातल्यासारखी वाटतेय, त्या मंगलसारखी. प्रेक्षकांना वाटेल आपण त्याची नक्कल केलीय. आम्हाला खरं हवंय."

मी पुढं झाले, तर बाईंनी हातानंच मला थांबवलं.

"खरं म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या.

"म्हणजे साधं. तुम्ही घरी चालता तसं."

बाई उठल्या. झाडापाशी परत गेल्या आणि तिथं बराच वेळ आपल्या पायाकडं बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हनुवटी खाली घेतली. उजवा हात पोटाशी धरला, खांदा आवळला, आणि जमिनीकडं बघत, एकेक पाऊल चाचपत, त्या बाकाकडं यायला लागल्या.

"हां, हे छान आहे," मुलगा म्हणाला. "हे अगदी खरं वाटतंय."

बाईंना मी पंधरा वर्षं चालताना बघत आले होते. लंगडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.